वर्तककाकांचं सोडियम

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्यांसारखे असतात. एक दिवस झाडायला जावं तर कळतं, अरे, चौदा झाल्या की. आमच्या सोसायटीच्या बाकावरचे किस्से तसेच साठलेत. सांगायला गेलं की लोक म्हणतात, "सुनंदाताई, तुम्हाला बरं सगळ्यांचं सगळं माहीत असतं." आता माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, आणि दाराला जाळी. यात माझा काय दोष?

सोसायटी कर्वेनगरात. आम्ही राहायला आलो तेव्हा बाकावर बारशी आणि दहावीचे निकाल यांवर बोलणं व्हायचं. आता सकाळी फिरून आलं की बुचाच्या झाडाखाली बसून सगळे रक्तातल्या खनिजांवर बोलतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. मी बारावी, तीही आर्ट्‌स. शाळेत ही नावं ऐकली तेव्हा वाटलं होतं, यांचा आपला संबंध दहावीपुरताच. आता समोरच्यांच्या नातवाचं नाव विसरेन, पण त्यांचं पोटॅशियम विचारा.

आमच्याकडे प्रथाच आहे. संक्रांत झाली की पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये टेबल मांडतात, लॅबच्या नसीमताई येतात, आणि बाकावरच्या सगळ्यांचं रक्त घेतात. दोन दिवसांनी बाकावर रिपोर्टवाचन. मोठ्यानं. ज्याचा आकडा ठरलेल्या चौकटीत, तो पास. ज्याच्या आकड्यापुढे ठळक अक्षर आलं, त्याची शिकवणी घ्यायला पंधरा जण तयार. बाकावर डॉक्टर एकही नाही, म्हणून तर सगळ्यांना बोलता येतं.

* * *

यातले मुख्य म्हणजे वर्तककाका. माझ्या समोरचं दार त्यांचं. वय एकोणऐंशी, नोकरी वजनमापे निरीक्षक. म्हणजे दुकानदारांचे तराजू तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर उचलून न्यायचे. चौतीस वर्षं हेच केलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी मंडईत काका दिसले की दोनचार भाजीवाल्या अजून वजनं पदराला पुसतात.

बोलणं तसंच, तोलून आणि टोचून. मी आल्यानंतर पहिल्या आठवड्यात शेजारधर्म म्हणून पडवळाची भाजी दिली. दुसऱ्या दिवशी डबा घासून परत आला. वर निरोप, "डबा चांगला आहे."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगी मृणाल बंगळूरला असते. तिनं तेव्हाच हात धरला, "बाबा, चला माझ्याकडे. इथे एकट्याला काही झालं तर कोण आहे?" काका म्हणाले, "समोर सुनंदाबाई आहेत. मला शिंक आली तरी त्यांना कळतं."

मी हे कौतुक म्हणून घेतलं.

शेवटी बापलेकीत करार झाला. तो सुचवला काकांनीच. "भावनेवर नको, आकड्यावर ठरवू. दरवर्षीचा रिपोर्ट चौकटीत असेल तर मी इथे. बाहेर गेला तर फ्लॅटला कुलूप, आणि मी तुझ्याकडे." मृणालनं मान्य केलं. आणि तेव्हापासून बाकावर कुणाचाही रिपोर्ट आला की आम्ही ऐकतो, काकांचा आला की श्वास धरतो.

* * *

करारानंतरच्या पहिल्याच तपासणीला काका टेबलासमोर बसले, बाही वर केली, आणि हात पुढे करायच्या आधी नसीमताईंना विचारलं, "तुमच्या मशीनची पडताळणी कधी झाली?"

"रोज सकाळी होते, काका."

"कोण करतं?"

"आम्हीच."

"म्हणजे तराजू दुकानदाराचा आणि शिक्काही दुकानदाराचाच."

मागे अकरा माणसं उपाशीपोटी उभी. नसीमताई कसल्या बधतात. त्यांचं घर तीन पिढ्या पेठेत, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी शांतपणे काकांच्या दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "अब्बांकडे तुमच्यासारखी गिऱ्हाइकं यायची. घड्याळ बरोबर असायचं, माणूस पाच मिनिटं पुढे असायचा."

काकांनी हात पुढे केला. त्या वर्षी सगळे आकडे चौकटीत. काकांनी रिपोर्टवर कोपऱ्यात लाल पेनानं सही केली आणि खाली लिहिलं, 'पाहिले'.

* * *

आमच्या घरातला किस्सा लपवला तर लोक म्हणतील, हिला फक्त दुसऱ्यांचं दिसतं. तर आमचे हे.

सत्तावन्नाव्या वर्षी ह्यांना जिमची हौस आली. तिसऱ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे. तिथला ट्रेनर म्हणाला, "सर, मॅग्नेशियम लो असणार. ही पावडर रोज एक चमचा." ह्यांनी घरी येऊन स्वतःच विचार केला. ट्रेनर अठ्ठावीस वर्षांचा, तो एक चमचा घेतो. मी सत्तावन्न, म्हणजे दुप्पट. म्हणून दोन चमचे.

मॅग्नेशियम रक्तात पोचायच्या आधी पोटात काय करतं, ते पावडरच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. चष्मा जिमच्या बॅगेत होता.

हॉल ते संडास आमच्याकडे बारा पावलं. दुपारी दोनच्या सुमारास ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्यावर अक्षरं उमटली, 'अभिनंदन, आजचं चालण्याचं लक्ष्य पूर्ण.'

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की रक्तातलं मॅग्नेशियम आधीपासून नीट होतं. तीस वर्षं न वापरलेल्या पोटऱ्या तीन दिवसांत वापरल्या, म्हणून त्या ओरडल्या. संध्याकाळी बाकावर काकांनी चौकशी केली, "मोहिते, किती घेतलंत आणि अंगी किती लागलं?"

हे आठवडाभर बाकाकडे फिरकले नाहीत.

* * *

सगळ्यांत सरळ रिपोर्ट पायगुडेअण्णांचा. अण्णा मूळ धायरीचे, सिंहगड रस्त्याच्या त्या बाजूला त्यांची जमीन. बरीचशी बिल्डरकडे गेली, अर्धा एकर राहिली. नातवाच्या शाळेसाठी आमच्या सोसायटीत राहतात, पण सकाळी स्कूटर काढून रानात जातातच. वय एकाहत्तर. सोडियमपासून लोहापर्यंत सगळं चौकटीच्या बरोबर मध्ये, जणू पट्टी लावून आखलंय.

बाकावर प्रश्नांची सरबत्ती झाली. कुठलं सप्लिमेंट? सैंधव की साधं? अण्णा म्हणाले, "काय न्हाई ओ. सकाळी कुदळ मारायची, घाम आला की भाकरी, ठेचा आन् कांदा खायाचा. एवढंच हाय."

झालं. पुढच्या रविवारी आमच्या ग्रुपची खनिज-सहल निघाली धायरीला. आठ माणसं, टोप्या, हातमोजे, एक स्पीकर. तासभर कुदळी चालल्या, त्यातली चाळीस मिनिटं फोटोत गेली. दुसऱ्या दिवशी तिघांच्या कमरेला पट्टा.

मंगळवारी अण्णा बाकावर आले, चप्पल काढून नीट बसले आणि म्हणाले, "तुमी लोकं येऊन गेला, माझ्या वांग्याचं दोन वाफं बसलं. आता कुनाचं क्यालशियम वाढलं तेवढं सांगा, म्हंजी मी वांग्यांची समजूत काढतो."

* * *

कॅल्शियमवरून माझीही एकदा जिरली. माझा आकडा अगदी ठाकठीक आला, आणि मी बाकावर जाहीर केलं की मी फिरत-बिरत नाही, दूधही मला आवडत नाही, तरी बघा. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेले तेव्हा तोच कागद त्यांच्यापुढे ऐटीत ठेवला.

ते म्हणाले, "रक्तातलं ठीकच दिसणार. कमी पडलं की शरीर हाडांतून काढून रक्तात आणतं. वय वाढलं, त्यात चालणं नाही, म्हणजे हाडं आणखी रिकामी. रक्त काय, शेवटपर्यंत नीट दिसेल."

मला लगेच कळलं. आमच्याकडे पाहुणे यायचे असले की मी हेच करते. दिवाणखाना चकाचक, आणि सगळा पसारा आतल्या खोलीत कोंबलेला.

त्या दिवसापासून मी चालते. म्हणून पुढचं सगळं मला जवळून बघायला मिळालं. जाळीतून पाहिलं नाही, हे मुद्दाम नोंदवते.

* * *

गेल्या जानेवारीची तपासणी. आदल्या रात्री मृणालनं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, उद्या व्हिडिओ कॉल लावा, मला रक्त देताना बघायचंय." काकांना हे मुलीचं प्रेम न वाटता निरीक्षकाची धाड वाटली. आपण अजून किती धडधाकट आहोत ते दाखवायचं त्यांनी ठरवलं.

नंबर लागायच्या आधी काका पाच मजले तीनदा चढून-उतरून आले. धापा टाकत खुर्चीवर बसले. नसीमताई म्हणाल्या, "काका, जरा दम घ्या, अर्ध्या तासानं घेऊ." काका म्हणाले, "तुमचं घड्याळ मागे आहे का?" मग खिशातून रबरी चेंडू काढला, आणि पट्टा बांधल्यावर मोबाइलकडे बघत तो करकचून दाबायला लागले. दाब, सोड, दाब, सोड. मृणाल तिकडून म्हणतेय, "वा बाबा." नसीमताई इकडून म्हणतायत, "काका, मूठ सैल." काका ऐकतात ते फक्त कौतुक.

संध्याकाळी लॅबमधून फोन आला, मग डॉक्टरांचा. माझ्याच नंबरवर, कारण काका फोन उचलत नाहीत. "वर्तक कुठे आहेत? त्यांचं पोटॅशियम फार वाढलंय. हृदयाला धोका असतो, आत्ताच्या आत्ता ईसीजीची पट्टी काढायला हवी."

मी धावत खाली गेले. हृदयाला धोका असलेले वर्तककाका बाकावर उभे राहून पीएमपीच्या थांब्याची जागा का चुकली आहे ते चार जणांना समजावत होते.

हृदयाची पट्टी सरळ आली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास खुर्चीत बसवून, मूठ उघडी ठेवून परत रक्त घेतलं, आकडा चौकटीत. नसीमताईंनी समजावलं, "व्यायाम केला की स्नायूंमधून पोटॅशियम बाहेर पडतं, थोडा वेळ रक्तात जास्त दिसतं. मूठ आवळली की आणखी. शांत बसलं की परत जागेवर."

पण मृणालकडे पहिला रिपोर्ट गेला होता. "करार म्हणजे करार, बाबा. आकडा बाहेर गेला."

काका म्हणाले, "सदोष पद्धतीनं घेतलेलं माप ग्राह्य धरत नाहीत. फेरतपासणीचा हक्क असतो."

बराच वेळ वाद झाला. दारं समोरासमोर, मी काय कान बंद करून बसू? अखेर मृणाल म्हणाली, "ठीक आहे. एप्रिलमध्ये परत तपासायचं. ती शेवटची. तेव्हा एकही आकडा हलला, तर मी गाडी घेऊनच येईन."

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ काकूंच्या झोपाळ्याजवळ उभे होते. बसले नाहीत. नुसती कडी हातात धरली होती.

* * *

एप्रिलच्या तयारीला काका आपणहून डॉक्टरांकडे गेले. सोबत मी. रक्तदाब थोडा जास्त निघाला. डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची एक गोळी दिली आणि म्हणाले, "मीठ कमी करा, पाणी भरपूर प्या, चालणं चालू ठेवा."

"मीठ किती कमी?" काकांनी वही काढली.

"जमेल तेवढं. कमीत कमी."

डॉक्टरांनी हे तुम्हा-आम्हाला सांगतात तसं सांगितलं. समोर कोण बसलंय याचा त्यांना अंदाज नव्हता. काकांनी घरी येऊन मला सांगितलं, "कमीत कमी म्हणजे शून्य. त्याखाली माप नसतं."

पाणी भरपूर म्हणजे किती, ते बाकावर ठरलं. आमचे हे म्हणाले तीन ते चार लिटर. काकांनी चार घेतलं. त्यासाठी माळ्यावरून पितळेचं एक लिटरचं सरकारी माप उतरवलं, चिंचेनं घासलं. सकाळी सहा, दहा, दोन आणि सहा. काठोकाठ, थेंब इकडे-तिकडे नाही. ऐन उन्हाळा, घाम गाळत रोज दहा हजार पावलं. भाजी अळणी, आमटी अळणी, ताक अळणी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लाल पेनानं 'पाहिले'.

काकांचं माप एक दिवसही चुकलं नाही. हीच तर पंचाईत.

* * *

एका सोमवारी मी सवयीनं पडवळाची भाजी दिली. बावीस वर्षं देतेय, बावीस वर्षं डबाच चांगला आहे. संध्याकाळी काका स्वतः डबा घेऊन दारात आले. हसले. आणि म्हणाले, "सुनंदाबाई, भाजी फार छान झाली होती."

मला आधी कळेचना. मी मागे वळून बघितलं, दुसरी कुणी सुनंदाबाई उभी आहे का.

मंगळवारी त्यांनी वॉचमनला खुर्ची दिली. बुधवारी सोसायटीच्या चेअरमनना म्हणाले, "आपण फार कष्ट घेता हो." चेअरमन तीन वर्षांत पहिल्यांदा शीळ घालत घरी गेले. आमच्या ह्यांना तर जवळ बसवून जिमची सगळी माहिती विचारली आणि ऐकून घेतली. हे घरी येऊन म्हणाले, "माणूस किती निवळलाय बघ."

बाक खूश. सगळ्यांचं एकमत, वय झालं की माणूस मवाळ होतो. पायगुडेअण्णा म्हणाले, "द्येवमाणूस झाला गडी." मी म्हटलं, "अहो, मला नाही हे बरं वाटत." सगळे माझ्यावरच उखडले. चांगलं वागलं तरी तुम्हाला खुपतं, म्हणे.

गुरुवारी मृणालचा मला फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "काकू, बाबा तयार झाले. मी म्हटलं एप्रिलची तपासणीसुद्धा नको, चला तुम्ही. तर म्हणाले, बरं, तू म्हणशील तसं. एका शब्दानं वाद नाही. मी सामानाची गाडी ठरवलीय, रविवारी येतेय."

मी अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि समोरच्या दाराकडे बघत बसले. दार उघडं, काका खुर्चीवर. पितळी माप मांडीवर. मुलीनं घर बंद करायचं ठरवलंय, आणि हा माणूस भिंतीकडे बघून हसतोय.

* * *

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरचा वाणी दुकान सोडून माझ्या दारात. पांढराफटक. मला वाटलं, चोरी झाली.

"ताई, वर्तकसाहेब आले होते. एक किलो साखर मागितली. माझ्याकडून नऊशेऐंशी भरली. काट्यावर दिसत होती, त्यांनीही बघितली. मी अजून टाकतच होतो, तर म्हणाले..." मी पाणी दिलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असू द्या हो. अंदाजे चालेल."

मी हातातलं पिठाचं ताट तसंच ठेवलं आणि नसीमताईंना फोन लावला. त्यांनी काय होतंय ते विचारलं. मी सांगितलं, गोड बोलतात. चालताना जरा झोक जातो. आणि अंदाजे म्हणाले.



"चार लिटर पाणी आणि मीठ बंद, असं मागे तुम्हीच मला सांगितलं होतं ना? निघालेच मी," नसीमताई म्हणाल्या.

तासाभरात आल्या. या खेपेला काकांनी मशीनबद्दल काही विचारलं नाही. मुकाट्यानं हात पुढे केला आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला त्रास." नसीमताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी आकडा कळला. सोडियम एकशे अठरा. चौकट सुरू होते एकशे पस्तीसला.

* * *

कोथरूडच्या हॉस्पिटलात भरती केलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "या वयात मूत्रपिंडं पूर्वीसारखी चपळ नसतात. जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकत नाहीत, मीठ धरून ठेवत नाहीत. त्यात मीठ शून्य, पाणी चार लिटर, घाम, वरून ती गोळी. मेंदूवर परिणाम होतो. आणखी चार दिवस उशीर झाला असता तर फिट्स आल्या असत्या." आणि ताकीद दिली, "हे सावकाश वाढवावं लागतं, घाई चालत नाही."

मृणाल शनिवारीच विमानानं आली. बापाला बघून नुसती पायाशी जाऊन बसली. काका तिला "या, बसा" म्हणाले. आपण कोणाला म्हणतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी एकशे एकवीस. रविवारी एकशे सव्वीस. सामानाची गाडी सोसायटीच्या दारात येऊन उभी होती, तिला मृणालनं मंगळवारपर्यंत थांबायला सांगितलं. पायगुडेअण्णा रोज येऊन दारातूनच विचारायचे, "शिवी दिली का?" आम्ही मान हलवायचो. अण्णा तसेच माघारी.

मंगळवारी सकाळी एकशे तेहेतीस. मी, मृणाल आणि डॉक्टर कॉटपाशी होतो. काका डोळे मिटून पडलेले. डॉक्टर वाकून म्हणाले, "आजोबा, आज वार कोणता?"

काकांनी डोळे उघडले. डॉक्टरांकडे बघितलं, मग वर लटकवलेल्या सलाइनच्या बाटलीकडे, मग परत डॉक्टरांकडे.

"तुम्हाला माहीत नाही?"

मृणालनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"बाबा," ती म्हणाली, "घरी गेल्यावर काय करायचं? तुम्ही मला बंगळूरला यायला हो म्हणाला होतात."

"कधी?"

"गेल्या गुरुवारी."

"तेव्हा माझं सोडियम किती होतं?"

"शुक्रवारी एकशे अठरा निघालं. गुरुवारीही तेवढंच असणार."

काकांनी चादर नीट केली. उशीला टेकून ताठ बसले. "अप्रमाणित मापानं झालेला व्यवहार रद्द समजण्यात येतो. एप्रिलची तपासणी ठरल्याप्रमाणे. एप्रिल संपायला अजून नऊ दिवस आहेत."

मृणाल हसायला लागली आणि रडायलाही. फोन घेऊन बाहेर गेली. दाराआडून तिचा आवाज येत होता, "हो, कर्वेनगरचीच गाडी. नाही, आज नको. पुढची तारीख नाही सांगता येणार." मग मी बाहेर कान देणं थांबवलं, कारण काका माझ्याकडे बघत होते. कपाळाला तीच जुनी आठी.

"सुनंदाबाई, मागच्या आठवड्यात मी तुमच्या पडवळाच्या भाजीला छान म्हणालो होतो म्हणे."

"म्हणाला होतात, काका. फार छान."

"वार?"

"सोमवार."

काकांनी बोटांवर मोजलं.

"तेही रद्द धरा."